साडूंचा डोंगर

माझ्यासारखा निर्मत्सर माणूस शोधून सापडायचा नाही. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तेव्हा मी स्वतः जाऊन तिच्यात बसून आलो. चुलतभावाला बढती मिळाली तेव्हा त्याच्याकडे पोटभर जेवून आलो. पण मला एक साडू आहेत, आणि तिथे माझं सगळं मोठेपण संपतं.

साडू दातांचे डॉक्टर. माझं चष्म्यांचं दुकान. त्यांच्यासमोर लोक आ वासतात, माझ्यासमोर डोळे बारीक करतात. आमच्यातला फरक इथूनच सुरू होतो.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर बैठकीच्या खोलीत एक भलामोठा फोटो. कमरेवर हात ठेवून डॉक्टर उभे, मागे खोल दरी, दरीत नदी, नदीवर ऊन. गावाबाहेरच्या डोंगरावरचा. बायको त्या फोटोसमोर इतका वेळ उभी राहिली की भाजी गार झाली.

"भाऊजी, एकटेच चढलात?" तिने विचारलं.

"छोटासाच आहे गं," डॉक्टर म्हणाले. "चढ जरा उभा आहे. पण वरून काय दिसतं म्हणून सांगू!"

घरी येताना बायको म्हणाली, "भाऊजींना किती हौस आहे, नाही?"

त्यातलं ते 'नाही' माझ्याबद्दल आहे, हे मला लगेच कळलं.

"रविवारी आपण जाऊ," मी म्हणालो. "तो डोंगर मी शीळ घालत चढेन."

रविवारी पायथ्याशी उभं राहून वाट कुठे जाते ते पाहायला मान वर केली, आणि नुसती मान वर करूनच मला दम लागला. चढ असा, की पुढचं पाऊल जवळजवळ नाकासमोरच पडायचं. बायको मात्र जुने कॅनव्हासचे बूट घालून, फोनवर ताईशी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोशी, गप्पा मारत चालली होती. मला "हो" म्हणायलासुद्धा थांबावं लागत होतं.

मध्यावर एक सपाट जागा लागली. कठडा होता, बाक होता.

"तू बस," मी म्हणालो. "पुढची वाट नीट आहे का, बघून येतो."

वळणाआड गेलो आणि एका मोठ्या खडकामागे आडवा झालो. घटकाभर डोळे मिटावेत एवढाच विचार होता. डोळ्यांनी तो फारच मनावर घेतला.

जाग आल्यावर बाकाकडे परतलो, तर बायको नाही. हाका मारल्या. फोन लावला, तर एंगेज. म्हटलं, वाट बघून वैतागली आणि खाली गेली. मग धडपडत, घसरत, अर्धा उतार तर चक्क बसून उतरलो. पायथ्याशीही ती नव्हती. फोन अजून एंगेज.  मदतीला बोलवावं असं जवळपास एकच माणूस होतं, आणि ते कोण, हे सांगायला नको.

"डॉक्टर, जरा अडचण आहे," मी फोनवर म्हणालो. "बायको सापडत नाहीये."

"तुमची?"

"हो, माझीच."

डॉक्टर दवाखान्यातून ताबडतोब आले. आम्ही दोघं चढू लागलो. बाकापर्यंत पोहोचलो आणि डॉक्टर पोट धरून मटकन बसले.

"तुम्ही व्हा पुढे," ते धापा टाकत म्हणाले. "इथून पुढची वाट मला माहीत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग कठड्यापलीकडे पाहिलं. खोल दरी, दरीत नदी, नदीवर ऊन.

"डॉक्टर, तो फोटो इथला?"

"उजेड चांगला होता," ते म्हणाले.

"पण वरून काय दिसतं म्हणून सांगू, असं म्हणालात की."

"म्हणालो. सांगितलं कुठे?"

बायको हरवलेल्या माणसाने इतकं खूश होऊ नये, पण झालो. अंगात दहा हत्तींचं बळ आलं. "बसा तुम्ही, मी वर जातो," असं म्हणून निघालो, तर मागे पावलं वाजली. डॉक्टर उठले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी ओळखला. दाढी करताना आरशात रोज बघतो तोच. मग शेवटचा चढ आम्ही एकमेकांना पुढे जाऊ न देता, जवळजवळ रांगतच पार केला.

माथ्यावर बायको एका दगडावर बसून फोनवर बोलत होती.

"अहो, होतात कुठे?" ती म्हणाली. "तुम्हाला शोधत मी थेट वर आले. ताईला तेच सांगतेय मघापासून. आणि भाऊजी, तुम्ही कसे इथे?"

"सहज," डॉक्टर म्हणाले.

वरून मात्र खरंच डोळ्यांचं पारणं फिटलं. नदीची दोन्ही वळणं, शेतांचे तुकडे, काड्यापेट्या मांडाव्यात तसं अख्खं गाव.

"ते बघ आपलं दुकान," मी बोट दाखवलं.

"तो पेट्रोल पंप आहे," बायको म्हणाली.

मी विषय बदलायला डॉक्टरांच्या फोटोची खरी जागा सांगणार होतो. पण आता काय सांगणार? माणूस माथ्यावर उभा होता, आणि त्याला तिथे मीच आणला होता.

"भाऊजी, या इकडे, फोटो काढू," बायको म्हणाली. माझे पाय उभं राहायला तयार नव्हते, म्हणून मी बसूनच दोघांचा फोटो काढला. तिने तो लगेच माहेरी धाडला. लगेच सासूबाईंचा फोन. बायकोने स्पीकर लावला.

"थोरल्या जावयांना खरंच हौस हो," सासूबाई म्हणाल्या. "तुलाही वर नेलं. धाकट्यांना जमलं नसेल."

"अगं आई, हेही आलेत," बायको म्हणाली. "फोटो ह्यांनीच काढलाय."



"हो का," सासूबाई म्हणाल्या. "तरीच हललाय."