उजव्या फळीची मुदतवाढ

भाटखोल बंदरावरच्या, होड्या पाण्यातून वर ओढायच्या ट्रॉलीची डावी फळी सोमवारी नियमानुसार निवृत्त झाली आणि उजवीने मुदतवाढीचा अर्ज दिला.

डावी मुळात शांत. तिने शाल-नारळ घेतला, नव्या फळीला न बघताच चार्ज दिला आणि मच्छीमार सोसायटीच्या पडवीत बाक म्हणून रुजू झाली. उजवीचं तसं नव्हतं. एकोणीस वर्षं होड्यांची बुडं अंगावर झेललेली बाई ती. तिचं म्हणणं एवढंच, की माझ्यात काय कमी आहे ते दाखवा.

दाखवायला दत्ताराम मेस्त्रींना बोलावलं. जुन्या दोन्ही फळ्या त्यांच्याच हातच्या, ऐनाच्या लाकडाच्या. नव्या मात्र त्यांच्या मुलीने, वैजयंतीने केलेल्या. तिचं हे पहिलंच काम. जुनी फळी राजीखुशीने चार्ज देत नाही तोवर नवी ट्रॉलीवर चढत नाही, असा नियम आहे. आणि एकदा का फळी नाकारली गेली, की त्या सुताराला किनाऱ्यावर कुणी विचारत नाही. दोन दिवस दत्ताराम कामाला हात लावत नव्हते.

सोसायटीच्या सेक्रेटरी कुबलबाईंनी रजिस्टर उघडलं. होडीचं बूड घासू नये म्हणून उजवीवर ठोकलेला गालिच्याचा जुना तुकडा दत्तारामांनी सोलून काढला आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचायला सुरुवात केली. मधोमध लाकूड टणक होतं. बोल्टाजवळ मात्र ते कुजलं होतं, स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

“दुखलं का?” कुबलबाईंनी विचारलं. हा प्रश्न छापील नमुन्यातलाच आहे.

“कधी टोचलंत?” फळी म्हणाली, आणि मग तिचं तिलाच उमगलं.

“बरं,” ती म्हणाली. “पण मी कुणाच्याही हाती कारभार देणार नाही. आणा तिला माझ्याशेजारी.”

नवी फळी तिच्या अंगाला अंग लावून ठेवली.

“हिला दत्तारामाचा हात लागलाय?”

“नाही. बाबांना मी बघूसुद्धा दिली नाही,” वैजयंती म्हणाली.

“बोल्टांची डोकी?”

“अर्धा इंच खाली बुडवलीत. होडीच्या बुडाला लागायची नाहीत.”

“त्यात काय मोठंसं! तेवढं दत्तारामानेही केलं होतं.”

“भोकं पाडल्यावर आतून डांबर फिरवलंय. पाणी मुरायला नको.”

फळीने हाक मारली, “दत्ताराम, माझ्या बोल्टांच्या भोकांना डांबर लावलं होतंस?”

सगळ्यांनी मेस्त्रींकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ही फळी केली त्या साली डांबरच मिळत नव्हतं, असं सांगता आलं असतं आणि ते खपलंही असतं. कुबलबाईंनी पेन उचलून धरलं.

“नाही लावलं,” दत्ताराम म्हणाले. “मला सुचलंच नाही. माझ्या पोरीला सुचलं.”

एवढी चूक चारचौघांत कबूल करताना माणसाची मान खाली जायला हवी. यांची छाती फुगली होती, आणि ती काही केल्या लपत नव्हती.

“लिहा,” फळी कुबलबाईंना म्हणाली. “चार्ज दिला. शेरा, काम माझ्यापेक्षा चांगलं.”

दुपारपर्यंत नव्या फळ्या बसल्या, होडी त्यांच्यावर टेकली आणि हूं की चूं न करता स्थिर राहिली. मग जुनीला पडवीत न्यायचं ठरलं. दत्तारामांनी सवयीने पुढचं टोक खांद्यावर घेतलं. लाकूड वाहताना पुढे मेस्त्री आणि मागे हाताखालचा माणूस, ही बंदरावरची रीत.

“खाली ठेव, दत्ताराम,” फळी म्हणाली. “मागे हो.”

ते मुकाट्याने मागे गेले. वैजयंतीने पुढचं टोक उचललं आणि चालू लागली. वाटेत आडव्या येणाऱ्या प्रत्येकाला दत्ताराम मागून सांगत होते, “जरा बाजूला व्हा. मेस्त्री येतायत.”