आधी सायकलची आंघोळ

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुंदामावशी रोज सकाळी आधी सायकलला आंघोळ घालतात, मग स्वतः करतात. एकाच टबात.

मला हे कळलं कसं, तर आमच्या बाथरूमच्या छतातून काळं पाणी गळायला लागलं. अमेरिकेत ईडन प्रेरीला येऊन मला जेमतेम दोन महिने झालेले, पोरगा चिकू अजून मांडीवरचा, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी एक नंबरची भित्री. बार्शीला बारावीत इंग्रजीनंच माझी विकेट काढलेली, त्यामुळे इथं नुसता फोन वाजला तरी मी तो उशीखाली सारायचे. सागरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑफिसात विचारलं तर म्हणतो, मेंटेनन्सला कॉल कर. कॉल! मी! त्यापेक्षा बरं म्हणून चिकूला कडेवर मारलं, जिना चढले आणि देवाचं नाव घेऊन वरचं दार वाजवलं.

दार उघडलं तर साठी उलटलेल्या एक बाई. डोक्यावर हेल्मेट, त्याच्याखाली माकडटोपी, नाक लालभडक. मी तोंडातल्या तोंडात "अगं आई गं" म्हणाले, तर त्या खूशच झाल्या.

"मराठी होय! मग ये ना आत, काहून थरथरून राहिली? आंघोळ चालू आहे."

"कुणाची?"

"पोट्टीची!" म्हणाल्या आणि बाथरूम दाखवलं. टबात सायकल उभी, वरून गरम पाण्याचा शॉवर. "रस्त्यावर मीठ टाकतात ना इथं, बर्फासाठी. रोज धुतलं नाही तर गंजते माझी पोट्टी."

मावशी मूळच्या नागपूरच्या, तिकडं पोरीला पोट्टी म्हणतात. त्यांचे मिस्टर गेले, त्या रिटायर झाल्या, मुलगी मंजिरी तिकडं विमानानं चार तासांवरच्या बॉथेलला नोकरीत. गाडी आहे, पण ती पार्किंगात झोपलेली. मावशी बारा महिने सायकलवर. उणे वीस असो नाहीतर काही असो, सकाळी साताला जिन्यावरनं टायरचा कटकट आवाज यायचाच, कारण टायरला लोखंडाचे बारीक खिळे. हँडलला दोन्ही बाजूंनी जुन्या गोधडीच्या पिशव्या शिवलेल्या, त्यात हात घालून चालवायच्या. लांबून बघितलं की वाटायचं कुणीतरी अंथरूण घेऊन पळालंय.

"मावशी, पण एवढ्या थंडीत जाता कुठं?"

"जायचं कुठं? जाऊन येते."

बस. एवढंच उत्तर.

दोन्ही गुडघे दुखायचे. त्यांनी त्यांना नावं ठेवलेली, डावा म्हणजे सासू आणि उजवा म्हणजे नणंद. "आज सासूबाई लय बोलून राहिल्या, संध्याकाळी बर्फ येते बघ," असं म्हणायच्या आणि यायचा हो खरंच! सागर फोनवर हवामान बघायचा, मी मावशींच्या सासूला विचारायचे. परत आल्या की ओव्याचं तेल चोळायच्या, त्याचा वास आमच्या किचनपर्यंत.

तेलावरून आठवलं. पहिल्या हिवाळ्यात यांनी चेनला खोबरेल लावलेलं. घरात काय छान चकचकीत चेन, बाहेर गेल्या आणि दोन मिनिटांत चेनची नारळाची वडी. पॅडल हलेना. तिथंच उभ्या राहून थर्मासमधला चहा चेनवर ओतला म्हणे. मी हसून हसून खाली बसले, तर मलाच रागावल्या. "हसून काय राहिली? आल्याचा चहा होता तो!"

पण एका गोष्टीला मावशी टरकून होत्या. मंजिरीला. मागच्या वर्षी दोनदा पडल्या होत्या, तेव्हापासून मंजिरीनं सांगून ठेवलं होतं, आई, आता एकदा जरी पडलीस ना, तर सायकल विकायची आणि सामान बांधून बॉथेलला यायचं, नो आर्ग्युमेंट. मावशींना जायचं नव्हतं. का नव्हतं ते सांगायच्या नाहीत. आणि मंजिरीनं माझा नंबर घेतलेला, वहिनी, तू खालीच राहतेस, लक्ष ठेव. आता मी काय लक्ष ठेवणार, मी खिडकीतनं बर्फ बघूनच घसरते.

आणि झालंच. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, खिडकीतनं खाली बघितलं तर पार्किंगात सायकल आडवी आणि मावशी उताण्या. मी गॅस बंद केला, चिकूला उचललं, सागरचे बूट घातले आणि पळाले, पायरी संपली तिथंच पाय सटकला आणि मी बसल्या बसल्या, चिकूला छातीशी धरून, सरळ मावशींच्या बाजूला जाऊन थांबले. चिकू टाळ्या वाजवतोय. माझा जीव गेलेला.

"मावशी! पडलात?"

"नाही. आभाळ पाहून राहिली."

"हात वाकडा झालाय हो तुमचा!"

"मंजिरीला नको सांगू, माय. हात जोडले असते, पण एकच चालते."

सागर ऑफिसातनं आला, दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. तेवढ्यात मंजिरीचा फोन आला तो सागरनं उचलला आणि त्याला खोटं बोलताच येत नाही. शनिवारी मंजिरी विमानानं हजर, खोकी घेऊन.

मला वाटलं आता वर महाभारत होणार. मी कान लावून बसले. नुसता खोक्यांना टेप लावल्याचा चर्रर आवाज. दोन दिवसांनी मी वरण-भात घेऊन गेले तर भिंती मोकळ्या आणि मावशी खुर्चीत, पाहुण्या आल्यासारख्या. मंजिरी आतल्या खोलीत गेली तसं मला जवळ बोलावलं.

"एक काम करते का? मागं तळ्याचा रस्ता आहे ना, तिथं सकाळी जाऊन उभी राहा. चार-पाच जण जातात सायकलवर, ऑफिसला. त्यांना सांग, म्हातारी ठीक आहे म्हणून."

"कोण आहेत ते?"

"मला काय माहीत? तोंड झाकलेलं असते सगळ्यांचं. मी हात वर करते, ते हात वर करतात." मग प्लास्टरवरचा धागा ओढत बसल्या. "दिवसभरात तेवढेच तर लोक हात वर करतात मला पाहून. इतके दिवस दिसली नाही, त्यांना वाटलं असेल, गेली."

मंजिरीनं आतनं ऐकलं असावं. "आई, प्लीज! अनोळखी माणसं आहेत ती," एवढंच आलं.

मी गेले. कशी गेले मला विचारू नका. चिकूला स्ट्रोलरमध्ये कोंबलं, मावशींनी शिकवलेलं घोकत निघाले, लेडी फाइन, ओन्ली हँड, लेडी फाइन, ओन्ली हँड. पहिला सायकलवाला आला तर मी घाबरून झाडामागं गेले. दुसऱ्याला ओरडले, "लेडी फाइन!" त्यानं हात केला आणि गेला. बिचाऱ्याला वाटलं असेल, मी माझंच सांगतेय. मग एक दाढीवाला आला, दाढी मास्कच्या खाली लोंबतेय आणि तिला बर्फाचे लोलक. मी दोन्ही हात वर केले. तो थांबला.

"लेडी फाइन. ओन्ली हँड," मी म्हणाले आणि माझाच हात मोडल्यासारखा करून दाखवला.

तो लय काय काय बोलला. मला त्यातलं फक्त 'व्हेअर' कळलं. मी बिल्डिंगकडं बोट केलं, तर हा उतरला आणि निघालाच की माझ्याबरोबर! मला दरदरून घाम, उणे दहामध्ये. परका माणूस, एवढी दाढी, सागर काय म्हणेल. पण उतारावर यानं स्ट्रोलर एका हातानं धरला, चिकूनं दाढीतला एक लोलक मोडून तोंडात घातला, तर हा खदखदून हसला.

वर गेलो. दारात त्यानं हेल्मेट, गॉगल, मास्क सगळं काढलं. टक्कल, लाल कान, मावशींपेक्षा म्हातारा. मावशींनी दार उघडलं, त्याला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "नो थँक यू, वी हॅव," आणि दार लावायला लागल्या. काहीतरी विकायला आलाय असं वाटलं त्यांना.

तसा त्यानं गॉगल परत डोळ्यांवर चढवला आणि हात वर केला, पूर्ण, खांद्यापासून.

"अगं माय!" मावशी ओरडल्या आणि त्यांनीही हात वर केला तो नेमका प्लास्टरचा, त्यामुळे "अगं माय"चं लगेच "आई गं" झालं. तो घाबरून पुढं झाला. दोघंही हसायला लागले आणि मग मावशींच्या डोळ्यातनं पाणीच. म्हणाल्या, दुखलं.

मंजिरी हातात टेप घेऊन मागं उभी. आईकडं बघतेय, त्याच्याकडं बघतेय, त्याच्या दाढीतनं कार्पेटवर टपटप पाणी पडतंय तेही बघतेय.

"उभी काहून? चहा ठेव ना, पाव्हणे आलेत," मावशी म्हणाल्या.

चहाचं भांडं तर पॅक झालेलं. मंजिरीनं इकडं तिकडं पाहिलं, टेप खाली ठेवली, गुडघ्यावर बसली आणि सगळ्यात खालचं खोकं ओढून फाडलं.