शेपटाची हाळी

निंबाच्या पित्तनळीत झिपरू पाटकरी बसला होता, आणि हाळी आल्याशिवाय तो दार उघडायला तयार नव्हता.

झिपरू वारून बरीच वर्षं झाली होती, पण त्याला कामावरून कोणी काढलेलं नव्हतं. पांझरेकाठी शेतांचे सामाईक फड पिकत होते तोवर बंधाऱ्याचं पाणी पाटाने कोणाच्या शेतात कधी जायचं, ते त्याच्या हातात असायचं. पुढे पाट कोरडा पडला आणि ज्याने त्याने आपापली विहीर खणली. झिपरूला वाहत्या पाण्यावाचून करमेना. निंबाची नळी त्याला पाटासारखीच वाटली असणार. वर साठा, मधे चिंचोळी वाट, खाली वाट बघणारं शेत.

निंबाचे डोळे हळदीसारखे झाले, अंगाला खाज सुटली, घास उतरेना. बायकोने, अनसूबाईने, आठवडाभर मुळ्याचा पाला नि उसाचा रस केला, आणि ताप चढला तसं मुलाला म्हणाली, बाळू, गाडी काढ, धुळ्याला नेऊ.

तिथल्या भावसार डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पोट कापायचं नाही. तोंडावाटे बारीक दुर्बीण आतड्यापर्यंत उतरवायची, पित्तनळीचं तोंड तिथेच असतं. तिथून अडकलेला खडा ओढून काढायचा आणि वाट पुन्हा मिटू नये म्हणून आत छोटा पाइप ठेवायचा. "मात्र खड्यावर माणूस बसलाय," त्या म्हणाल्या. "आधी त्याचं बघावं लागेल. आज नळी मोकळी झाली नाही तर तापाचं विष रक्तात उतरेल."

निंबाला झोपेचं इंजेक्शन दिलं, दुर्बीण उतरवली. अनसूबाईने पडद्यावर बघितलं. तोच तो. फेटा सैल, फावडं मांडीवर आडवं, बूड खड्यावर टेकलेलं. एवढ्या काळजीतही तिला बरं वाटलं, माहेरचं कोणी बाजारात भेटावं तसं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला जरा सरकायला सांगितलं. निंबाच्या उघड्या तोंडातून झिपरूचा आवाज आला की शेपटाकडून, पाटाच्या शेवटच्या शेतातून, हाळी आली नाही, शेत तयार नसताना पाणी सोडलं तर वाया जाईल.

"नळीत फुगा फुगवून त्याला ओढता येईल," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "पण दुखावलेला पाटकरी जाताना नळी कायमची बुजवून जातो. मी तसं करणार नाही."

बाळूने वाकून बापाच्या तोंडात सांगितलं, पाणी सोडा.

"हा कोण?" झिपरूने विचारलं. "मोटार चालू करायला सांगितल्यासारखं बोलतो."

मग अनसूबाई पुढे झाली. निंबाचं शेत पाटाच्या पार शेपटाला होतं आणि दारं धरायला, पाणी वाफ्यांत वळवायला, तीच उभी राहायची, नवी नवरी होती तेव्हापासून. पदर खोचून, गुडघाभर चिखलात, पहाटेच्या गारठ्यात. तिने तीच जुनी हाळी दिली, "शेपट जागं आहे हो, येऊ द्या."

झिपरूने फेटा कानावरून सरकवला. "आवाज अनसू वहिनीचा आहे. पण इतक्या जवळून कसा? शेपट काय बंधाऱ्यावर येऊन बसलं? आणि मधल्यांनी का नाही उचलला?"

त्याचं खरं होतं. शेपटाचा आवाज थेट बंधाऱ्यापर्यंत पोचायचा नाहीच. मधल्या शेतातली सोनाबाई तो उचलायची, तिच्याकडून वरची ताराबाई. दोघींचं एकमेकींशी भांडण असलं तरी हाळी कधी कोणी खाली पडू दिली नाही. अनसूबाईला त्यांची तोंडं दिसली, ओल्या लुगड्यांचा वास आला. दोघी केव्हाच गेल्या होत्या.

"मधे माणसं लागतील," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

त्यावर फार चर्चा झाली नाही. अनसूबाई दवाखान्याच्या व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. जिन्यापाशी बाळू. दाराशी नर्स. टेबलापाशी डॉक्टरीणबाई, हातात दुर्बीण. अनसूबाईने डोळे मिटले आणि छातीतून हाळी दिली. बाळूने उचलली, पहिल्यांदाच. नर्सने त्याच्याकडून घेतली. डॉक्टरीणबाईंनी वाकून निंबाच्या तोंडाशी सांगितलं, "शेपट जागं आहे हो, येऊ द्या."

झिपरू उठला. धोतर झटकलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि बाजूला झाला. खडा निघाला. मागे तुंबलेलं हिरवं-पिवळं पाणी असं धावलं की नर्स बघतच राहिली.

पाइप बसवताना मात्र झिपरूने विचारलं, "हा कायमचा? मग मी काय करू?"

"तीन महिन्यांनी काढणार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर याच्यावर लक्ष ठेवा."

तो पाइपाशेजारी टेकला.

निंबाचे डोळे आता पांढरे आहेत. पाइप केव्हाच निघाला, झिपरू मात्र आत कामावरच आहे. ताट वाढलं की अनसूबाई गल्लीच्या टोकाला जाते आणि हाळी देते. शेजारची सून ओट्यावरून ती उचलते, बाळू दारातून, आणि मग निंबा भाकरी मोडतो. गल्लीतली बाकीची घरंही हल्ली तेवढा वेळ ताटावर थांबतात.