दिगूचा बीम

आमचा दिगू कुणाच्याही घरी गेला की आधी पायरीच्या दगडावर नख वाजवतो. माणसांची विचारपूस नंतर.

हा माझा धाकटा भाऊ. दोघांचंही पोट दगडावरच. अंबड रोडला माझं खडी क्रशर आहे. मी दगड फोडतो आणि ब्रासच्या मापानं विकतो. दिगू परदेशात दगड दाबतो. मोहरीहून कितीतरी बारीक कण दोन हिऱ्यांच्या टोकांत धरायचा, स्क्रू पिळायचे, की जमिनीच्या पोटात शेकडो कोस खाली असतो तेवढा दाब त्याच्यावर येतो. मग त्यातून क्ष-किरण सोडून आत काय बदललं ते बघायचं. एवढं सगळं चुन्याच्या डबीएवढ्या यंत्रात. ती डबी कायम त्याच्या खिशात. माझ्या बायकोच्या भाकरीलाही सांगतो, "वहिनी, दाब बराबर न्हाई पडला."

मी दहावीतून शाळा सोडून ट्रॅक्टरवर दगड वाहिले, म्हणून हा शिकला. हे मी त्याला विसरू देत नाही.

आणि माझ्या मुलीच्या, रेखाच्या लग्नाला हा आला नाही. फोनवर म्हणाला, "दादा, त्याच तारखेला बीम मिळाला. सोडता येत न्हाई."

ते मला पटलं. बीमचं काँक्रीट सुरू केलं की मधे सोडता येत नाही, हे खडीवाल्याला कोण शिकवणार? पण डोक्यात सणक गेली ती वेगळ्याच गोष्टीनं. म्हणजे हा तिकडं घर बांधतोय. मला न विचारता. खडी दुसऱ्याची. आणि तिकडं घर झालं की माणूस इकडं येत नाही. दोन वर्षं मी त्याचा फोन उचलला नाही.

परवा तो स्वतःच आला. पायरी वाजवली. मी पाणीसुद्धा न विचारता म्हणालो, "तुझ्या बीमला खडी कुणाची घेतलीस?"

त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग सांगितलं, की तिथं मोठ्या गोल बोगद्यात इलेक्ट्रॉन पळवतात, त्यांच्यातून क्ष-किरणांचा लख्ख झोत निघतो, त्याला बीम म्हणतात. दुनियेतले लोक त्यासाठी रांगेत असतात.

"कालव्याच्या पाळीसारखं आहे, दादा. आपली पाळी गेली की मंग सहा महिने कोरडं."

"आणि घर?"

"कशाचं घर? एका खोलीत राहून राह्यलो."

मी त्याच्या खिशातली डबी ओढली. आत काय आहे विचारलं. खाली बघत म्हणाला, आपल्या गावच्या, धावड्याच्या विहिरीच्या दगडाचा कण. मागं आल्ता तेव्हा काठावरून खरवडून नेलेला. कामाचे नमुने संपून पाळीतली चार मिनिटं उरली, की तो हा कण ठेवतो. त्याची नोंद कुठंच करत नाही.

"काय सापडतं त्यात?"

"काही न्हाई. पाहतो नुसता."

"दाब काढल्यावर दगड परत पहिल्यासारखा होतो का?"

"हलका दाबला तर होतो. फार दाबला तर काही दगड बदलले ते बदललेच. म्हणून आपल्या कणाला मी जास्त दाबत न्हाई."

माझी दोन वर्षं मला तिथंच जड झाली. बायकोला चहा टाकायला सांगितलं.

जायच्या दिवशी तो क्रशरवर आला आणि एक खडा मागितला. मी व्यापारी माणूस, फुकट देत नाही. भाव सांगितला: एका खड्याला घरची एक फेरी. घासाघीस चालणार नाही.

त्यानं घासाघीस केली नाही. खाली वाकला आणि कोटाचे दोन्ही खिसे भरले.