पिवळ्या टोप्यांची गाईड

मला वाटलं होतं, मी परदेशात शिकून परत येईन तेव्हा घर माझ्याकडे आशेने बघेल. मी सार्वजनिक जागांचं नियोजन शिकले होते. बागा, चौक, बसथांबे. थोडक्यात, माणसं जिथे एकत्र येऊन एकमेकांच्या पायावर पाय देतात त्या सगळ्या जागा. विमानात मी मनातल्या मनात आमच्या शहरातला मुख्य चौक पाडून पुन्हा बांधलासुद्धा होता. घरी पोचल्यावर दिसलं ते असं: माझ्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन आलं होतं, माझ्या कपाटात मावशीचे कपडे होते, आणि घराला माझ्याकडून एकच आशा होती, की मी लवकर परत जावं.

गैरसमज नको. प्रेम उतू जात होतं. पण तिकडच्या एका मोठ्या कंपनीने माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती, आणि मी मात्र इथल्या नगरपालिकेत मिळत असलेली कनिष्ठ नियोजनकाराची जागा घ्यायचं म्हणत होते.

"नगरपालिकेत?" बाबा म्हणाले. "तिथे नळाची तक्रार घेऊन गेलेला माणूस म्हातारा होऊन बाहेर येतो."

"म्हणूनच मला तिथे जायचंय, बाबा."

"म्हातारी व्हायला?"

बाबांच्या बोलण्याला वजन होतं, कारण ते स्वतः निवृत्तीपर्यंत वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसले होते. खिडकीच्या आतल्या बाजूला. त्या खिडकीचं एकच शास्त्र असतं: समोरचा काहीही म्हणो, आपण कबूल काही करायचं नाही. 'तपासून सांगतो', 'आमच्याकडे तसं काही नाही' आणि 'साहेब बाहेर गेलेत' या तीन वाक्यांवर बाबांनी अख्खी नोकरी काढली. घरीही ते याच तीन वाक्यांवर संसार करत. (साहेब कोण, हे आईने कधी विचारलं नाही.)

अशात दादाने थीम पार्कची तिकिटं पाठवली. दादा कामासाठी लांब असतो. छोटीला, म्हणजे त्याच्या मुलीला, सुट्टी लागली होती. तिला घेऊन सगळ्यांनी जावं आणि वर एक खासगी गाईडही घ्यावा, असं त्याने फोनवर सांगितलं. खासगी गाईड म्हणजे पार्कमधला हिरव्या कोटातला माणूस. तो दिवसभर आपल्याबरोबर राहतो, पिशव्या धरतो, फोटो काढतो आणि मुख्य म्हणजे आपल्याला रांग टाळून बाजूच्या दाराने आत नेतो.

मावशी खूश झाली. मला मात्र राहवलं नाही. मी उभी राहिले (मी बसून मतं मांडू शकत नाही) आणि म्हणाले, "रांग ही समाजातली सगळ्यात न्यायाची जागा आहे. तिथे कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. बाजूच्या दाराने जाणं म्हणजे..."

"मग तू रांगेत थांब," मावशी म्हणाली. "आम्ही आत जाऊन तुझी वाट बघतो."

"गाईड कशाला हवा? मी आहे ना. अशा जागा कशा बनवतात हेच तर मी शिकलेय."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "असं म्हणतेस? मग ठरलं. आम्हा पाच माणसांना दिवसभर फिरव आणि संध्याकाळी घरी आण. जमलं, तर तुझी नगरपालिका तुला लखलाभ, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर निमूट परत जायचं, कंपनीत."

पाच माणसं: बाबा, आई, मावशी, वहिनी, छोटी. मी अख्खं शहर सुधारायला निघालेली मुलगी. मला हसूच आलं.

तयारी मी मनापासून केली. पार्कचा नकाशा भिंतीवर चिकटवला, दुपारी गर्दी कुठे असते आणि सावली कुठे, ते रंगाने दाखवलं, आणि घराची बैठक बोलावली. छोटीने हात वर करून उडत्या जहाजाबद्दल विचारलं. आईने विचारलं, "बाथरूम कुठे कुठे आहेत, ते दाखव."

"आई, ते 'सोयीं'मध्ये येतं. सोयी शेवटच्या भागात आहेत."

"शेवटपर्यंत थांबता आलं म्हणजे झालं," आई म्हणाली.

पार्कच्या दारातच मी पहिलं धोरण अमलात आणलं. गर्दीत आपली माणसं चटकन ओळखू यावीत म्हणून मी दारातल्या दुकानातून सगळ्यांना भडक पिवळ्या टोप्या घेतल्या. मावशीने टोपी केसांवर तीनचारदा बसवून पाहिली आणि म्हणाली, "या टोपीत मी लांबून सूर्यफूल दिसत असेन."

"तेच तर हवंय, मावशी."

(सगळे ज्या दाराने आत येतात त्याच दारात ते दुकान होतं, आणि त्या दुकानात टोपीचा रंग एकच होता. या दोन गोष्टी एकत्र करून विचार करायला मला कुठल्याच विद्यापीठाने शिकवलं नव्हतं.)

मग मी छत्री उंच धरली आणि निघाले. किल्ल्यासमोर थांबून मी सांगितलं की हा किल्ला दिसतो तेवढा उंच नाही. वर जाता जाता खिडक्या लहान केल्यात, विटा लहान केल्यात, म्हणून डोळा फसतो. पुढे रांगेत उभे असताना मी सांगितलं की रांग अशी वेडीवाकडी का वळवतात: तिची लांबी एका नजरेत दिसली तर माणूस घरी जाईल, म्हणून. अशीच रांग इस्पितळात वळवली, वर सावली दिली, कडेला बाकं ठेवली, तर आजारी माणसाचे किती हाल वाचतील! इथे माझा आवाज जरा चढला. छोटी काहीतरी म्हणत माझा शर्ट ओढत होती. वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, ऐका ना, आम्ही जरा..."

मी छत्री न हलवता दुसरा हात वर केला. "प्रश्न शेवटी."

मधूनमधून मी मागे वळून टोप्या मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. पुढच्या वेळी पाहिलं तर पाचाहून जास्त होत्या. मला वाटलं, मागच्या रांगेतल्या कोणाला ऐकावंसं वाटलं असेल, बरंच आहे. त्यापुढच्या वेळी मी मोजलंच नाही, कारण लोक मान डोलावत होते. एका गृहस्थांनी तर खिशातून चष्मा काढून लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलताना कोणी मध्येच "बरं, जेवायला चला" म्हटलं नव्हतं. मला कळायला हवं होतं की ही माझी माणसं नव्हेत.

ते कळलं कारंज्यापाशी. "आता आपण जेवून घेऊ," असं म्हणून मी वळले, तर समोर पिवळ्या टोप्यांचं शेतच्या शेत, आणि त्यात ओळखीचा चेहरा एकही नाही.

"जेवण पण आहे यात?" चष्मेवाल्या आजोबांनी आनंदाने विचारलं.

तेवढ्यात एक हिरवा कोट गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या मिशा थरथरत होत्या. त्याने माझ्याकडे न बघता आजोबांना विचारलं, "साहेब, तुम्ही आणि आजी सकाळी माझ्याबरोबर होतात ना?"

"होतो," आजोबा म्हणाले. "पण तुम्ही नुसतं आत नेत होतात. ही 'असं का' तेही सांगते."

थोड्याच वेळात मी सुरक्षा अधिकारी बाईंच्या खोलीत बसले होते. बाई शांत होत्या, पण नियम स्पष्ट होता: पार्कमध्ये बाहेरच्या गाईडला बंदी. कोणी सापडला तर त्याला आणि त्याच्या मंडळींना लगेच बाहेर काढायचं, आणि वर्षभर प्रवेश नाही.

"मी गाईड नाही हो. मी माझ्या घरच्यांना फिरवत होते."

"घरचे कुठे आहेत?"

हा प्रश्न मलाही पडला होता.

मग पार्कभर भोंग्यातून आवाज घुमला, "निळा शर्ट आणि पिवळी टोपी घातलेली एक मुलगी हरवली आहे. वय पंचवीस. स्वतःचं नाव सांगते. घरच्यांनी कृपया सुरक्षा कक्षात येऊन घेऊन जावे."

घरचे आले. छान दिसत होते. छोटीच्या गालाला आइस्क्रीम होतं, आईच्या पायांना आराम मिळालेला दिसत होता, आणि मावशीचे केस उभे राहिले होते, कारण ती सगळ्यात उंच रोलर कोस्टरवर दोनदा बसून आली होती. वहिनी पुटपुटली, "सांगत होते, छोटीला बाथरूमला नेतोय म्हणून."

बाबांनी खोलीवर नजर फिरवली. टेबल, समोर खुर्ची, मध्ये काच. तक्रार खिडकीच ती. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

"ही तुमची मुलगी?" बाईंनी विचारलं.

"चेहरा ओळखीचा वाटतो," बाबा म्हणाले. "तपासून सांगतो."

"बाबा," मी म्हणाले.

"हं. आमचीच दिसतेय."

"ती आज इथे लोकांना गाईड म्हणून फिरवत होती."

"गाईड? बाई, आमच्याकडे तसं काही नाही." बाबा पुढे झुकले. "तुम्हीच बघा. सकाळी हिच्याबरोबर आम्ही पाच जण निघालो. त्यातला एकसुद्धा दुपारपर्यंत हिच्याकडे शिल्लक राहिला नाही. निघालेली पाचच्या पाच माणसं हरवते, तिला तुम्ही गाईड म्हणणार?"

बाई विचारात पडल्या. युक्तिवादाला तोड नव्हती. मी सुटत होते, आणि ज्या वाक्याने सुटत होते त्याच वाक्यात माझी नगरपालिका बुडत होती. सगळ्यांसमोर निकाल लागला होता: हिला पाच माणसं सांभाळता येत नाहीत. मी मान खाली घातली. चौक, बाकं, इस्पितळातली सावली, सगळं जिथल्या तिथे राहणार, आणि मी परत विमानात.

बाई म्हणाल्या, "ठीक आहे, तुम्ही जाऊ..." आणि दार उघडलं. चष्मेवाले आजोबा आत आले. त्यांच्यामागे दारात मावतील तेवढ्या टोप्या.

"या मुलीला काही करू नका," आजोबा म्हणाले. "असा गाईड आम्ही आजवर पाहिला नाही."

मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. त्यांना वाटलं मी लाजतेय.

"मी दरवर्षी येतो इथे नातवंडांना घेऊन," ते बोलतच राहिले. "किल्ला फसवतो, हे मला आज कळलं. आणि ते इस्पितळाच्या रांगेचं. आमची ही गुडघ्याचं दुखणं घेऊन इस्पितळात किती उभी राहिलीय, माहीत आहे? तिच्यासाठी एखादं बाक ठेवावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. या पोरीच्या डोक्यात आलं."

त्यांच्या शेजारच्या आजींनी नुसती मान हलवली.

बाबा हळूच म्हणाले, "हे तिने सांगितलं?"

"सगळं तिनेच."

"तुम्ही ऐकत होतात? शेवटपर्यंत?"

"जेवण विसरून."

बाबांचे कान लाल झाले. आईने ते पाहिलं आणि बाबांचा हात धरला, पण उशीर झाला होता. बाबांनी टोपी काढली आणि काचेसमोर उभे राहिले. "बाई, मघाशी मी म्हणालो ते सोडा. ही गाईड आहे."

"भाऊजी," मावशी दातांतल्या दातांत म्हणाली, "सुटत होती ती."

"सुटू दे नाहीतर अडकू दे. गाईड नाही असं मी नाही म्हणणार. बाई, ही गाईड आहे, पहिल्या प्रतीची आहे, आणि माझी मुलगी आहे. काय करायचं ते करा."

खिडकीच्या कुठल्याही बाजूने बाबांनी दिलेली ही पहिली कबुली. बाईंचाही नाइलाज झाला. त्यांनी हिरव्या कोटाला बोलावलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेर सोडून यायला सांगितलं.

त्याने आम्हाला बाजूच्या दाराने नेलं, जवळ पडतं म्हणून. मावशीने शेजारच्या रांगेकडे बघून ऐटीत हात हलवला. आईच्या हातातल्या पिशव्या त्याने सवयीने घेतल्या होत्या, आणि दाराबाहेर आल्यावर सवयीनेच आमचा फोटोही काढला. "जरा जवळ या," तो म्हणाला. "हसा." आम्ही हसलो. बाबा सगळ्यांत जास्त.

घरी येताना बसमध्ये बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "मुलीला पार्कातून हाकललं आज. वर्षभर बंदी." त्यांचा सूर असा होता, की त्या माणसाने अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी स्वतःच विषय काढला. "बाबा, हरले मी. शब्द म्हणजे शब्द."

"कोण म्हणतं हरलीस?" बाबांच्या आवाजात पुन्हा खिडकी आली. "पाच माणसं संध्याकाळी घरी यावीत, असं ठरलं होतं. आली. ती कोणी कोणाला आणली, याबद्दल आमच्याकडे काही नाही."

त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. मग मी उठले आणि जाहीर केलं, की मी आजच, आत्ता, नगरपालिकेत जाऊन होकार कळवणार आहे. इथेच राहणार आहे. पहिलं काम इस्पितळाच्या रांगेचं. मी बरंच बोलले. (उभी होतेच.)

"जा हो," आई म्हणाली. "छोटीला घेऊन जा बरोबर."

मला फार बरं वाटलं. एका लहान मुलीने आपल्या आत्याला लोकांच्या सेवेत शिरताना बघावं, यासारखं शिक्षण नाही. मी चपला घालत होते, तेव्हा दाराआड आई छोटीला समजावत होती, "आत्यावर लक्ष ठेव हं, सोन्या. कोणी ऐकायला लागलं, की हात धरून लगेच घरी घेऊन ये."