कमरेसाठी घेतलेली गाडी

"अहो, ही गाडी एवढी हादरते का?"

नवी गाडी दारात आली त्याच्या तिसऱ्याच दिवशी बायकोने इंजिनिअरला हे विचारलं.

दिसायला गाडी अगदी गरीब होती. चार दारं, मागे पिशव्या ठेवायला ऐसपैस जागा आणि कुणाच्या लक्षात राहू नये असा करडा रंग. बायकोने हीच गाडी पसंत केली होती. "आपल्याला काय शर्यतीत पळायचंय?" असंही ती म्हणाली होती. इंजिनिअरने त्यावर शहाण्यासारखी मान डोलावली आणि शोरूममध्ये जाऊन त्याच गाडीचा शर्यतीत पळणारा अवतार घेऊन आला. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणी. फरक काय तो इंजिनात, चाकांत, दगडासारख्या स्प्रिंगांत आणि मागच्या दारावरच्या एका लाल अक्षरात. ते अक्षर त्याने घरी यायच्या आधीच, दात साफ करायच्या दोऱ्याने अलगद कापून काढलं होतं.

हा दोरा त्याला एका दंतवैद्याने दिला होता. हे दंतवैद्य असल्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळात नऊ सभासद, सगळे चाळिशी उलटलेले, आणि सगळ्यांच्या गाड्या बघणाऱ्याला वाटावं की भाजी आणायला निघाल्यात. वेगवान दिसणारी गाडी घेणं हे उथळ माणसाचं लक्षण, अशी मंडळाची ठाम समजूत होती. आपली गाडी वेगवान आहे हे जगाला कळता कामा नये, आणि घरी तर मुळीच नाही. खुद्द अध्यक्षांनी, सायलेन्सरचा आवाज हा कारखान्यातला दोष आहे आणि आपण तक्रार केली आहे, असं बायकोला सांगून दोन वर्षं काढली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला ही थोर माणसं बाह्यवळण रस्त्यावर जमत आणि तिथल्या चार किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर आपलं तारुण्य परत मिळवून आठच्या आत घरी येत. इंजिनिअरचा पहिला रविवार अजून यायचा होता. त्या एका सकाळसाठी त्याने हा सगळा उपद्व्याप केला होता.

"हादरत नाही ती," तो बायकोला म्हणाला. "ते कमरेसाठी आहे."

"कुणाच्या?"

"माझ्याच की! डॉक्टर म्हणाले, मऊ गाडीत मणके सैल पडतात. जरा कडक बसायला हवं."

दंतवैद्य हाही डॉक्टरच, तेव्हा हे काही अगदीच खोटं नव्हतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. बायको "बरं" म्हणाली. प्रकरण मिटलं असं वाटून तो गाढव खूश झाला.

शनिवारी सासूबाई राहायला आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली होती, ती सुटलीच नव्हती. वाकून चालायचं आणि माणसं चपलांवरून ओळखायची, असा त्यांचा दिनक्रम झाला होता. त्यांना खुर्चीत बसवतानाच बायकोचे डोळे चमकले.

"उद्या आईला तुमच्या गाडीतून फिरवून आणा. कमरेची गाडी आहे ना!"

"उद्या?" इंजिनिअरने घाईघाईने कारण शोधलं. "उद्या मला पहाटे बाह्यवळण रस्त्याची पाहणी आहे."

"रविवारी?"

"रहदारी कमी असते ना."

"मग तर उत्तमच! लांबचा रस्ता आहे. घेऊनच जा तिला."

हा माणूस शहराच्या रस्ते विभागात होता हे सांगायचं राहिलं. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक त्याच्याच सहीने झाला होता. नकाशात त्याची उंची दहा सेंटिमीटर होती. पण ठेकेदाराला उरलेलं डांबर परत न्यायचा कंटाळा आला आणि त्याने ते सगळं तिथेच ओतलं. इंजिनिअरने गाडीतून खाली न उतरताच पाहणी केली आणि 'काम समाधानकारक' असा शेरा मारला. जुनी गाडी मऊ होती, तिने कधी कुरकुर केली नाही.

रविवारी सकाळी सहाला सासूबाई पुढच्या सीटमध्ये रुतून बसल्या. आता हळूच जायचं, त्यांना पट्ट्याशेजारच्या बागेत बाकावर बसवायचं, पट्ट्यावर दोन फेऱ्या मारायच्या आणि परत यायचं, असा त्याचा बेत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहेस?" दंतवैद्य ओरडले. "सगळे आलेत!"

"आलोच," म्हणत त्याने पाय किंचित दाबला. किंचित म्हणजे काय हे त्या गाडीला ठाऊकच नव्हतं. ती सुटली, गतिरोधकावर चढली आणि धाडकन पलीकडे आपटली. गाडीत 'कट्' असा आवाज झाला, आणि तो गाडीचा नव्हता.

इंजिनिअरने ब्रेक मारला. बायकोला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं आणि त्यानंतर राहायला कुठे जायचं, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"आई?" त्याने डोळे मिटूनच हाक मारली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "ते झाड केवढं उंच झालंय हो!"

त्याने डोळे उघडले. सासूबाई ताठ बसल्या होत्या आणि मान वर करून बघत होत्या. दोन वर्षांत त्यांनी झाडाचा शेंडा पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही.

"पुन्हा एकदा घ्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी सात वेळा घ्यायला लावलं, त्यात दोनदा रिव्हर्समध्ये. तोवर सूर्य वर आला, बाह्यवळण रस्त्यावर दुधाच्या गाड्या सुरू झाल्या आणि मंडळाची सभा बरखास्त झाली.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. सोमवारी वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक मान घेऊन आले, मंगळवारी शिंपीणबाई खांदा घेऊन आल्या. बायकोने फ्रिजवर तक्ता लावला: सकाळी दोन, संध्याकाळी तीन, रविवारी बाहेरगावचे. दोनशेच्या वेगाने पळायला जन्मलेली गाडी रोज त्याच बारा पावलांत मागे-पुढे होऊ लागली. तिसरा गिअर कसा असतो हे इंजिनिअर विसरत चालला. बरं, नाही म्हणायची सोय नव्हती, कारण गाडी कमरेसाठीच घेतली होती.

शेवटी त्याने सरकारी डोकं चालवलं. गतिरोधक नियमापेक्षा उंच आहे, सबब तो छाटावा, असा प्रस्ताव त्याने स्वतःच मांडला. गतिरोधक गेला की धक्का गेला, धक्का गेला की पेशंट गेले. रीतीप्रमाणे हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि पुढच्या पहिल्या रविवारसाठी टाकी भरून तो दिवस मोजत बसला.

शेवटच्या दिवशी टेबलावर अर्ज आला. त्रेचाळीस ज्येष्ठांच्या सह्या, पहिली सासूबाईंची. गतिरोधक छाटू नये, असं त्यात होतं. शिवाय गल्लीत गर्दी होते, तेव्हा अगदी याच उंचीचे पाच गतिरोधक बाह्यवळण रस्त्याच्या सरळ पट्ट्यावर, बागेशेजारी बांधावेत, अशी मागणी होती. खाली वैद्यकीय शिफारस होती. त्याने सही वाचली, पुन्हा वाचली आणि घरी फोन लावला.

"ही दंतवैद्यांची सही कुठून आली?"

"तुमचेच तर डॉक्टर! नंबर तुमच्या फोनमध्येच होता," बायको म्हणाली. "किती भला माणूस! आधी जरा का-कू करत होते. मी म्हटलं, मग तुमच्या मिसेसशीच बोलते. लगेच सही केली हो."

इंजिनिअरने फोन ठेवला. अर्जाच्या तळाशी छापील चौकट होती: 'विभागाची हरकत असल्यास सबळ कारण नमूद करावे.' त्याने पेन उघडलं. कारण होतं, चांगलं सबळ होतं, आणि चार किलोमीटर लांब होतं. पण ते लिहायचं तर पहिल्यांदा बायकोला सांगावं लागलं असतं, आणि मग वर बघायला शिकलेल्या सासूबाईंच्या नजरेला नजर द्यावी लागली असती.

मग चौकटीत त्याने नीट अक्षरात 'हरकत नाही' असं लिहिलं, सही केली आणि घड्याळ पाहिलं. पाच वाजत आले होते, आणि सव्वापाचला मुख्याध्यापकांची मान होती.