नापास पावडरीचा नावलौकिक

माणूस काय खातो यापेक्षा आपण काय खाल्लं असं त्याला वाटतं, यावर राष्ट्राचं आरोग्य अवलंबून असतं. हे तत्त्व ध्यानात घेऊनच गोंदियात एक प्रयोगशाळा उभी राहिली. बाजारात मिळणारी शक्तिवर्धक चूर्णं, पावडरी आणि कॅप्सूल तपासून ही प्रयोगशाळा फक्त दोन प्रश्नांची उत्तरं देते. डब्यावर जे लिहिलं आहे ते आत आहे का, आणि आत जे आहे ते डब्यावर लिहिलं आहे का. (हे खायचंच कशाला, हा तिसरा प्रश्न प्रयोगशाळेच्या कार्यकक्षेत येत नाही.)

प्रयोगशाळेची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. बाहेरच्या चपला बाहेर, आतल्या चपला आत, डोक्यावर टोपी. ज्या यंत्रात पावडरीचं द्रावण सोडलं की पडद्यावर डोंगर उमटतात, त्या यंत्राला अखंड एसी आहे. ते चालवणाऱ्या पुष्पांजली मॅडमना पंखा आहे. डोंगर उमटला म्हणजे औषधी घटक सापडला, असा साधारण हिशेब. पहिलं वर्षभर मात्र पडदा सौंदडच्या धानाच्या बांध्यांसारखा सपाट राहिला. वार्षिक अहवालानुसार एक्याण्णव टक्के नमुन्यांत तांदळाचं पीठ सापडलं, आठ टक्क्यांत जुन्या तांदळाचं पीठ सापडलं, आणि उरलेल्या एका टक्क्यात डबाच रिकामा होता. शुद्धतेच्या निकषावर तो पहिला आला.

याच यादीत मुर्री गावच्या भूपेंद्रजींची ‘उठबस पावडर’ होती. भूपेंद्रजींकडे वडिलांची बंद पडलेली राइस मिल होती आणि मिलमध्ये कनकीचे ढीग होते. कनकी म्हणजे तुटका तांदूळ. तो फेकायचा कसा, या विवंचनेतून आयुर्वेदाची सेवा सुरू झाली. डब्यावर अश्वगंधा, सफेद मुसळी आणि ‘दरेकशाच्या घनदाट जंगलातील इतर सत्तावीस वनस्पती’ असं छापलं होतं. (इतर सत्तावीस वनस्पतींना याची कल्पना नव्हती.) प्रयोगशाळेने कळवलं की पावडरीत उपयोगी काही नाही आणि अपायकारकही काही नाही, आणि नापास करायचं ते फक्त अपायासाठी, सबब उत्तीर्ण. खाणाऱ्यांचा अनुभवही तोच होता. बसलेले बसूनच राहिले आणि डबे दुकानात पडून राहिले.

गिऱ्हाइकाचं समाधान हाच धर्म मानणाऱ्या भूपेंद्रजींनी मग पावडरीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालायला सुरुवात केली. डब्यावर त्यांचं नाव घातलं नाही, कारण तिथे सत्तावीस वनस्पतींमुळे जागाच उरली नव्हती.

आणि मुर्रीत बसलेली माणसं उठली.

सगळ्यांत ठळक उठले ते यादोराव. बहात्तरी ओलांडलेला हा माणूस खाटेवरून उठायचा तर पत्नी कुंदाबाईंना आधी कमरेला पदर खोचावा लागे. उठबस सुरू केल्यावर आठवडाभरात ते गावच्या तलावाच्या पाळीवर चढले. ही पाळ त्यांच्या पणज्याने गावकीला हाताशी धरून बांधलेली. चढले, चारी दिशांना पाहिलं, उतरले, आणि काही काम नसताना पुन्हा चढले. गाल भरले, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला. लोक म्हणाले, बुढ्याने तब्येत धरली.

कुंदाबाईंना मात्र ही तब्येत बघवत नव्हती. बुढ्याच्या पायांवर सूज होती, रात्री घागरभर पाणी लागत होतं, जरा खरचटलं तरी अंग काळंनिळं होत होतं. त्यांनी यादोरावांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी साखर तपासली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, पावडरीत स्टेरॉइड असणार. खात राहिलात तर जिवावर बेतेल, आणि एकदम सोडलीत तरी बेतेल. इथे भरती व्हा, आम्ही मोजून कमी करत आणू. यादोरावांनी चपला घातल्या आणि घरी येऊन दोन चमचे पावडर घेतली.

त्याच सुमारास प्रयोगशाळेने बाजारातून उठबसचा डबा उचलून पुन्हा तपासला. पडद्यावर असा डोंगर उमटला की पुष्पांजली मॅडमनी यंत्र बिघडलं समजून ते दोनदा बंद करून चालू केलं. अहवाल आला, ‘नापास’. तो मोठ्या अक्षरांत मुर्रीच्या चौकात लावण्यात आला. आता लोक डबे नाल्यात ओततील, अशी संबंधितांची अपेक्षा होती.

इथे संबंधितांचा एक गोष्टीचा अभ्यास कमी पडला. धान पिकवणाऱ्या माणसाला ‘नापास’ या शब्दाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो. खरेदीवाला येतो, पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर धान काढतो, दाताखाली चावतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, फेल. ओल आहे. मग तोच फेल धान कमी भावात स्वतःच्या गाडीत चढवतो, आणि त्याच्या घरी वर्षभर त्याच तांदळाचा भात शिजतो. त्यामुळे फेल म्हणजे उत्तम माल, हे आमच्या जिल्ह्यात वेगळं शिकवावं लागत नाही.

“सायबानं फेल केलं म्हणजे माल चोखा हाये,” यादोरावांनी घरी निकाल दिला. “आपल्या धानाचं काऊन विसरून राहिली तू? त्याइले सोताले खायाचं असन.”

खप तिप्पट झाला. भूपेंद्रजींनी डब्यावर ‘शासकीय निकषांवर नापास’ असा सोनेरी शिक्का छापला. दुकानात लोक विचारू लागले, “फेलवाली आहे का?” हे बघून इतर कारखानदार जागे झाले. आमचा माल चुकून उत्तीर्ण झाला आहे, तरी फेरविचार व्हावा, असे अर्ज प्रयोगशाळेत येऊ लागले. एका प्रोटीन पावडरवाल्याने तर नमुन्यात शिसं स्वखर्चाने घालून आणलं होतं. गुणवत्तेसाठी अशी चढाओढ जिल्ह्याने पूर्वी पाहिली नव्हती. (नम्रपणे नमूद करतो की त्या काळात प्रस्तुत लेखकही रोज एक चमचा घेत होता. फक्त अभ्यासासाठी.)

अशा भरभराटीत कुंदाबाई एकट्याच रडकुंडीला आल्या होत्या. डबा लपवला तर बुढा दुसरा आणायचा. डॉक्टरांचं नाव काढलं तर पाळीवर जाऊन बसायचा. एक दिवस त्या प्रयोगशाळेत गेल्या, बाहेरच्या चपला बाहेर ठेवल्या आणि पुष्पांजली मॅडमसमोर हात जोडले.

“म्याडमबाई, त्या पावडरीले पास करून द्या जी.”

मॅडमनी समजावलं की त्यात विष आहे.

“मले मालूम हाये. म्हणून तर पास करा म्हणतो. फेल हाये तवरिक तो खातेच. माहा बुढा मरून राहिला, बाई.”

प्रयोगशाळेच्या इतिहासात विषबाधा थांबवण्यासाठी विषाला उत्तीर्ण करण्याची ही पहिलीच विनंती होती. मॅडमचे डोळे भरून आले, पण खोटा अहवाल देता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. नियम असा आहे की जो नमुना समोर येईल, त्याबद्दल आणि फक्त त्याबद्दलच प्रयोगशाळा बोलते. हा नियम त्यांनी कुंदाबाईंना एकदा सांगितला. मग, कोण जाणे का, जरा सावकाश पुन्हा एकदा सांगितला.

दुसऱ्या दिवशी कुंदाबाई उठबसचा डबा घेऊन हजर झाल्या. झाकणावर चिकटपट्टी होती, आणि पट्टीवर घरच्या जात्यावर दळलेल्या तांदळाचं ताजं पीठ लागलेलं होतं. मॅडमनी पट्टी पाहिली, कुंदाबाईंकडे पाहिलं आणि नमुना यंत्राला दिला. यंत्राने फक्त पीठ पाहिलं. पडदा सपाट. अहवाल खरा, सही खरी, शिक्का खरा. ‘उठबसच्या डब्यातून आलेला नमुना: उत्तीर्ण.’

संध्याकाळपर्यंत तो चौकात लागला. यादोरावांनी चष्मा लावून तो वाचला, आणि त्यांचा गोल चेहरा लांब झाला.

“पास झाली? मंग का रायलं तिच्यात?”

तोंडातली पावडर त्यांनी तिथेच थुंकली आणि भूपेंद्रने माल हलका केला म्हणून त्याला शिव्या घातल्या. सकाळी पाय लटपटायला लागल्यावर ते स्वतःहून दवाखान्यात भरती झाले. आठ दिवसांत उठबसचा बाजार बसला.

भूपेंद्रजी खवळले. ते प्रयोगशाळेत आले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, “मॅडम, ये तो सरासर बदनामी है. माझ्या मालात स्टेरॉइड आहे. मी स्वतः टाकतो, माझ्या हातानं.” अन्याय इतका जिव्हारी लागला होता की त्यांनी ही गोष्ट प्रतिज्ञापत्रावर लिहून दिली, पुराव्यादाखल गोळ्यांची खोकी आणून ठेवली आणि साक्षीला कुटणारा माणूसही उभा केला. स्टेरॉइड कोण घालतं याचा पुरावा इतके दिवस शोधणाऱ्या अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं, त्यांची तक्रार शब्दशः मान्य केली आणि त्यांना अटक केली. आपण सच्चे ठरलो, हे समाधान भूपेंद्रजींच्या तोंडावर गाडीत बसेपर्यंत होतं.

यादोराव वाचले. डॉक्टरांनी औषध हळूहळू उतरवलं, सूज गेली, चेहऱ्याला पुन्हा कोपरे आले. गुडघे पूर्वीसारखेच दुखतात आणि कुंदाबाई पूर्वीसारख्याच पदर खोचून त्यांना उठवतात. उठवताना आता त्या हसतात, इतकाच काय तो फरक.

ही हकीकत मी पूर्वी एकदा छापली होती, तेव्हा पावडरीचं खरं नाव दिलं होतं. गाठोडंभर पत्रं आली. यादोरावांची तब्येत एकाही पत्रात विचारलेली नव्हती. सगळ्यांना दुकानाचा पत्ता हवा होता, आणि काहींना माल जुना, फेलवालाच हवा होता. म्हणून या खेपेला नाव बदललं आहे. आपण त्यांच्यातले नाही, याची मला खात्री आहे. तेव्हा वाचता वाचता गुडघ्यावर गेलेला हात आता काढायला हरकत नाही.